दोन सेलच्या बॅटरीपासून लेसरच्या झोतापर्यंत

वसमत तालुक्यातल्या कुरुंद्याच्या शिवारात हळद आठ-नऊ महिने उभी असते. पावसाळा सरला की तिला विहिरीचं नाहीतर बोअरचं पाणी लागतं. शेतीपंपाची लाईट वर्षानुवर्षं पाळीनं आली, आठवड्यातले काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. रात्रपाळीत माणूस अंधारात बांधाबांधानं मोटारीपर्यंत जातो, स्टार्टर दाबतो आणि मग दारं धरत बसतो. वसमतच्या हळदीला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामागे अशा कितीतरी रात्री आहेत. म्हणून हातातल्या बॅटरीचा मागोवा हा मला शेतीच्याच इतिहासाचा भाग वाटतो.

आधी कंदील होता, तो फक्त स्वतःभोवती उजेड पाडायचा. मग दोन-तीन सेलची बॅटरी आली. युनियन कार्बाइडनं 1958 साली लखनौत बॅटऱ्यांचा कारखाना काढला आणि ‘एव्हरेडी’ खेड्यातल्या किराणा दुकानात जाऊन बसली. सेल उतरले की ते उन्हात ठेवायचे आणि आणखी एक-दोन रात्री काढायच्या. तारेच्या बल्बचा उजेड पिवळा, अशक्त होता, पण मधल्या झोताभोवती फिका घेर असायचा आणि पायाजवळचंही दिसायचं.

2003 साली नोकियाचा अकराशे आला. त्याच्या माथ्यावर टॉर्च होता, आणि जगभरात तो पंचवीस कोटींहून अधिक विकला गेला. पाठोपाठ स्वस्त एलईडी आल्या. ज्या निळ्या एलईडीमुळे पांढरा उजेड शक्य झाला, तिच्या शोधासाठी आकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना 2014 चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. माझ्या मते शेतकऱ्यासाठी खरी क्रांती मात्र डोक्याला बांधायच्या बॅटरीनं केली. दोन्ही हात मोकळे झाले, फावडं नीट धरता आलं, आणि नजर जाईल तिथं उजेड जाऊ लागला.

आता लेसरची बॅटरी आली आहे. तिच्यात निळा लेसर एका बारीक फॉस्फरच्या ठिपक्यावर आदळतो आणि तो ठिपका पांढरा उजळतो. प्रकाशाचा उगम जितका लहान, तितका भिंगातून निघणारा झोत बारीक आणि लांब पल्ल्याचा. याच तत्त्वावर बीएमडब्ल्यूनं 2014 मध्ये सहाशे मीटर पल्ल्याचे मोटारदिवे आणले होते. आपल्या जिल्ह्यात लेसर म्हटलं की औंढा नागनाथजवळचा लायगो प्रकल्प आठवतो. तिथला लेसर चार किलोमीटरच्या बाहूंमधून फिरून गुरुत्वलहरी मोजणार आहे. बॅटरीतला लेसर त्यामानानं साधा, पण खोक्यावरचे आकडे मात्र भलतेच मोठे असतात.

ते आकडे तपासून घ्यावेत. पल्ल्याची प्रचलित व्याख्या अशी आहे: जिथं झोत पाव लक्सवर येतो, म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका उरतो, तिथं पल्ला संपला. एक किलोमीटर पल्ल्यासाठी अडीच लाख कँडेला लागतात. अंतर निम्मं केलं की उजेड चौपट होतो, म्हणून पाचशे मीटरवर तो एक लक्स असतो. पण माणूस उभा असतो बॅटरीपाशी, लक्ष्यापाशी नाही. एक किलोमीटरवरच्या चांदण्याइतक्या उजेडात रानडुक्कर आहे की झुडूप, हे इथून ओळखणं अवघड. छापील पल्ल्याचा तिसरा हिस्सा कामाचा धरावा. किती तास चालते, हा आकडाही असाच फसवा असतो. त्या मापात उजेड दहा टक्क्यांवर येईपर्यंतचा सगळा वेळ मोजला जातो.

त्याहून मोठी अडचण बांधावर कळते. दोन अंशांचा झोत शंभर मीटरवर साडेतीन मीटरचं वर्तुळ देतो, पायापाशी ते वितीएवढंही नसतं. मण्यार रात्रीच फिरते. ती त्या वर्तुळाबाहेर असली तर दिसत नाही. धुकं किंवा धूळ असेल तर झोतच पांढऱ्या काठीसारखा डोळ्यांपुढे उभा राहतो.

तरी ही बॅटरी निरुपयोगी नाही. जुलै 2022 मध्ये कुरुंद्यात पुराचं पाणी घराघरांत शिरलं होतं. तशा रात्री पाण्यापलीकडच्या छतावर कोणी अडकलं आहे का, हे बघायला लांब झोतासारखं दुसरं साधन नाही. रोही आणि डुकरांची जागल करताना आखाड्यावरूनच शेताचं दुसरं टोक न्याहाळायलाही ती बरी. फक्त झोत कुणाच्या डोळ्यांवर किंवा नांदेडकडे उतरणाऱ्या विमानावर मारू नये.

2017 साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली, 2023 मध्ये तिचा दुसरा टप्पा आला. हेतू शेतीला दिवसा वीज देण्याचा. ती प्रत्येक डीपीवर पोचेपर्यंत पाणी द्यायला जाणाऱ्यानं आधी डोक्याची रुंद उजेडाची बॅटरी आणि गुडघ्यापर्यंतचे बूट घ्यावेत. लेसरची बॅटरी गावात एखादी, ग्रामपंचायतीत पुरासाठी ठेवावी.