ई-मेल प्रणाली अद्ययावत केल्यानंतर संगणकास येणारी मंदगती : कारणे, निदान व उपाय
(महाविद्यालयीन पत्रव्यवहाराच्या संदर्भात)

प्रस्तावना

महाविद्यालयांचा पत्रव्यवहार गेल्या दोन-अडीच दशकांत कागदावरून संगणकावर आला आहे. जळगाव येथील विद्यापीठ (स्थापना १९९०, २०१८ पासून कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ) आणि धरणगावसारख्या तालुक्याच्या ठिकाणची संलग्न महाविद्यालये यांच्यातील परिपत्रके, परीक्षाविषयक सूचना, संशोधन प्रकल्पांची पत्रे व नॅकच्या वार्षिक अहवालास जोडावयाचे पुरावे यांचा मोठा भाग ई-मेलद्वारे येतो व जातो. पूर्वी आवक-जावक नोंदवही आणि फायलींचे कपाट जे कार्य करीत असत, ते आता अनेक कार्यालयांत व विभागांत संगणकावरील एक ई-मेल प्रणाली करते.

ही प्रणाली अद्ययावत केल्यानंतर एक अनुभव वारंवार येतो. काल सुरळीत चालणारा संगणक आज रखडतो. वर्डची फाईल उघडण्यास मिनिट लागते, हार्डडिस्कचा दिवा सतत लुकलुकत राहतो, माऊस अडखळतो. अशा वेळी ‘संगणक जुना झाला’, ‘व्हायरस शिरला’ किंवा ‘फॉरमॅट केल्याशिवाय गत्यंतर नाही’ असे निदान चटकन केले जाते. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, ही मंदगती बहुतेक वेळा बिघाडाची नसून कामाची असते. नवी आवृत्ती जुन्या टपालावर एकदाच करावयाचे मोठे काम करीत असते. ते ओळखले तर उपाय सोपा आहे. ते न ओळखता केलेला उपाय मात्र वर्षानुवर्षांचा पत्रव्यवहार नष्ट करू शकतो.

येथे विचार केला आहे तो संगणकावर स्थापित केलेल्या थंडरबर्ड, आउटलुक यांसारख्या प्रणालींचा. केवळ ब्राउझरमधून ई-मेल वाचणाऱ्यांना ही अडचण या स्वरूपात येत नाही.

टपाल कोठे व कसे साठते ?

मंदगतीचे कारण समजण्यासाठी टपालाच्या साठवणीची रीत समजणे आवश्यक आहे. थंडरबर्डमध्ये सामान्यतः एका फोल्डरमधील सर्व पत्रे एकाच मोठ्या फाईलमध्ये एकापुढे एक लिहिली जातात. त्या फाईलशेजारी ‘एमएसएफ’ हे विस्तारनाम असलेली एक लहान फाईल असते. पहिली फाईल म्हणजे प्रत्यक्ष पत्रांचा गठ्ठा, तर दुसरी म्हणजे त्या गठ्ठ्याची यादी. यादी हरवली तर गठ्ठ्यावरून नवी तयार करता येते. गठ्ठा हरवला तर यादीवरून पत्र परत मिळत नाही. हा भेद पुढे उपयोगी पडणार आहे.

या रचनेतून दोन गोष्टी संभवतात. पहिली गोष्ट अशी की, पत्र ‘डिलीट’ केल्याने ते लगेच फाईलमधून जात नाही. त्यावर केवळ रद्द झाल्याची खूण होते. ‘कॉम्पॅक्ट’ ही क्रिया केल्यावरच ती जागा मोकळी होते. दुसरी गोष्ट जोडपत्रांची. ई-मेलमध्ये जोडलेली फाईल अक्षररूपात रूपांतरित होते व त्या रूपांतरात मूळच्या ३ बाइटांची ४ अक्षरे होतात. म्हणजे ३ एमबीचे स्कॅन केलेले परिपत्रक टपालात ४ एमबीहून थोडी अधिक जागा घेते. वर्षाला अशी २०० परिपत्रके आली, तर एका वर्षात ८०० एमबीची भर पडते. पाच वर्षांत एकच फोल्डर ४ जीबीपर्यंत जातो आणि वापरणाऱ्यास त्याची कल्पनाही नसते.

आउटलुक एक्सप्रेस या विंडोज एक्सपीबरोबर येणाऱ्या प्रणालीत प्रत्येक फोल्डरच्या फाईलला २ जीबीची मर्यादा होती. आउटलुक २००२ पर्यंतच्या आवृत्त्यांमध्ये तर संपूर्ण टपालाच्या पीएसटी फाईललाच हीच मर्यादा होती. आउटलुक २००३ मध्ये नव्या प्रकारच्या फाईलची मर्यादा २० जीबी व आउटलुक २०१० मध्ये ५० जीबी झाली. परंतु नवी आवृत्ती बसविल्याने जुनी पीएसटी फाईल आपोआप नव्या प्रकारची होत नसे. सॉफ्टवेअर नवे आणि भांडार जुने, अशी स्थिती त्यामुळे निर्माण होई.

थंडरबर्ड ३ : एक बोलके उदाहरण

या समस्येचे स्पष्ट उदाहरण म्हणजे डिसेंबर २००९ मध्ये प्रसिद्ध झालेली थंडरबर्डची तिसरी आवृत्ती. तिने दोन नव्या सोयी दिल्या व त्या मूळ स्थितीतच चालू ठेवल्या. पहिली सोय सर्वव्यापी शोधाची. यासाठी प्रणाली सर्व फोल्डरांतील प्रत्येक पत्र वाचून त्यातील शब्दांची सूची एका स्वतंत्र डेटाबेस फाईलमध्ये तयार करू लागली. दुसरी सोय आयमॅप पद्धतीच्या खात्यांसाठी होती. सर्व्हरवरील सर्व पत्रे जोडपत्रांसह संगणकावर उतरवून घेण्यास प्रणालीने सुरुवात केली.

दोन्ही सोयी उपयुक्तच होत्या. परंतु ज्यांच्याकडे हजारो पत्रांचा साठा होता, त्यांच्या संगणकावर अद्ययावतीकरणानंतर ही दोन्ही कामे एकाच वेळी सुरू झाली. त्या काळच्या साधनांशी हे प्रमाण ताडून पाहावे. बीएसएनएलची ब्रॉडबँड सेवा २००५ साली सुरू झाली तेव्हा तिचा मूळ वेग २५६ केबीपीएस होता. या वेगाने १ जीबी टपाल उतरविण्यास सुमारे पावणेनऊ तास लागतात. फिरत्या तबकडीची हार्डडिस्क विखुरलेल्या जागांवरील वाचन-लेखन सेकंदाला साधारण शंभराच्या आसपास करू शकते. ४०,००० पत्रांची सूची करताना प्रत्येक पत्रामागे हार्डडिस्कला अनेकदा हालचाल करावी लागली, तर उरलेल्या सर्व सॉफ्टवेअरना रांगेत उभे राहावे लागणार, हे उघड आहे.

ग्रंथालयाचे उदाहरण घेतल्यास ही बाब अधिक स्पष्ट होईल. ग्रंथालयाची तालिका पत्रिकांवरून संगणकावर आणताना प्रत्येक ग्रंथ पुन्हा हातात घ्यावा लागतो. त्या काळात देवघेव विभागाचे काम मंदावते. म्हणून ग्रंथालय बिघडले असे कोणी म्हणत नाही. काम पूर्ण झाल्यावर ग्रंथ पूर्वीपेक्षा लवकर सापडतो.

थंडरबर्डच्या निर्मात्यांनीही ही अडचण ओळखली. २०१० मधील ३.१ या आवृत्तीत, दुसऱ्या आवृत्तीवरून येणाऱ्यांना नव्या सोयी चालू ठेवावयाच्या की नाहीत हे ठरविता यावे, यासाठी साहाय्यक पडदा देण्यात आला. आउटलुक २००७ च्या बाबतीतही मोठ्या टपाल-फाईली असणाऱ्यांना मंदगतीचा त्रास झाला व २००९ मधील सर्व्हिस पॅक २ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्यावर लक्षणीय सुधारणा केल्या. म्हणजेच ही अडचण एका कंपनीची किंवा एका गावाची नव्हती.

भर घालणारी अन्य कारणे

सूचीकरणाखेरीज पुढील चार कारणे मंदगतीत भर घालतात.

१) अँटिव्हायरस : एका फोल्डरची सर्व पत्रे एकाच फाईलमध्ये असल्याने एक नवे पत्र आले तरी संपूर्ण फाईल बदलली असे अँटिव्हायरसला दिसते व ती पुन्हा तपासली जाऊ शकते.

२) दुहेरी सूचीकरण : विंडोजच्या शोधसुविधेस पत्रे शोधण्याची अनुमती दिली असल्यास थंडरबर्ड त्यासाठी पत्रांच्या वेगळ्या फाईली तयार करते. एकाच टपालाची दोन ठिकाणी सूची होत राहते.

३) जुनी अ‍ॅड-ऑन : २०२० मधील थंडरबर्ड ७८ पासून जुन्या पद्धतीची अ‍ॅड-ऑन चालेनाशी झाली. जी चालतात, तीही नव्या आवृत्तीशी न जुळल्यास अडथळा आणतात.

४) अचानक वीज जाणे : खानदेशातील वाचकांस भारनियमनाचा अनुभव नवा नाही. सूची लिहिली जात असताना संगणक बंद पडल्यास ती अर्धवट किंवा सदोष राहते व प्रणाली तेच काम पुन्हा पुन्हा करीत बसते. यूपीएसचे महत्त्व येथे विशेष आहे.

निदानाची पद्धत

उपायापूर्वी मोजमाप करावे. कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या कळा एकत्र दाबल्यास टास्क मॅनेजर उघडतो. त्यात प्रोसेसर, मेमरी व डिस्क यांचा वापर कोणती प्रणाली किती करीत आहे, हे दिसते. येथून तीन शक्यता वेगळ्या करता येतात.

ई-मेल प्रणाली बंद करताच संगणक पूर्ववत होत असेल, तर कारण त्या प्रणालीत आहे. बंद केल्यावरही अँटिव्हायरस किंवा विंडोजचे सूचीकरण डिस्क व्यापून राहत असेल, तर कारण तेथे शोधावे. सर्व प्रणालींचा वापर कमी असूनही मेमरी जवळजवळ भरलेली असेल, तर संगणक हार्डडिस्कचा मेमरीसारखा वापर करीत आहे. रॅम वाढविणे हाच तेथील खरा उपाय होय.

दोष ई-मेल प्रणालीत आढळल्यास थंडरबर्डच्या ‘टूल्स’ यादीतील ‘अ‍ॅक्टिव्हिटी मॅनेजर’ उघडावा. कोणत्या फोल्डरमधील कितव्या पत्राची सूची चालू आहे, हे तेथे दिसते. आकडा पुढे सरकत असेल तर काम चालू आहे. तासन् तास त्याच फोल्डरची तीच पत्रे दिसत असतील तर सूची सदोष आहे. त्यानंतर शिफ्ट कळ दाबून प्रणाली सुरू करावी, म्हणजे ती अ‍ॅड-ऑनविना चालविता येते. तेवढ्याने वेग सुधारला, तर दोष अ‍ॅड-ऑनचा समजावा.

उपाययोजना

सर्वप्रथम ई-मेल प्रणाली बंद करून तिचे संपूर्ण ‘प्रोफाईल’ फोल्डर बाहेरच्या हार्डडिस्कवर उतरवून घ्यावे. आउटलुकच्या बाबतीत पीएसटी फाईलची प्रत घ्यावी. यानंतरच पुढील उपाय क्रमाने योजावेत.

१) काम चालू असेल तर ते पूर्ण होऊ द्यावे. यूपीएसची सोय असल्यास संगणक आपोआप झोपी जाण्याची सूचना बंद करून तो सायंकाळी चालू ठेवून जावे. हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

२) नको असलेली पत्रे काढून ‘कॉम्पॅक्ट’ करावे. यासाठी डिस्कवर पुरेशी मोकळी जागा असावी.

३) एखाद्या फोल्डरची यादी बिघडली असेल तर त्याच्या ‘प्रॉपर्टीज’मधील ‘रिपेअर फोल्डर’ ही सूचना वापरावी. सर्वव्यापी शोधाची सूची सदोष असल्यास थंडरबर्ड बंद करून प्रोफाईलमधील ‘ग्लोबल-मेसेजेस-डीबी’ या फाईलचे नाव बदलावे. पुन्हा सुरू केल्यावर ती नव्याने तयार होते.

४) संगणक अगदीच जुना असेल तर सेटिंग्जमधून सर्वव्यापी शोध व सूचीकरण बंद करावे. एकेका फोल्डरमधील साधा शोध त्यानंतरही चालतो. आयमॅप खात्यात सर्वच पत्रे संगणकावर न ठेवता अलीकडच्या काळातीलच ठेवण्याची मुभा असते.

५) मागील वर्षांचे टपाल शैक्षणिक वर्षानुसार वेगळ्या फोल्डरांत हलवावे. इनबॉक्स लहान राहिला की रोजचे काम हलके होते.

६) अँटिव्हायरसच्या सततच्या तपासणीतून केवळ प्रोफाईल फोल्डर वगळता येते. मात्र जोडपत्र उघडताना होणारी तपासणी चालूच ठेवावी.

काय करू नये ?

पॉप पद्धतीच्या खात्यात पत्रे संगणकावर उतरल्यानंतर सर्व्हरवरून काढून टाकली जाऊ शकतात. अशा कार्यालयातील संगणकावर असलेली प्रत हीच एकमेव प्रत असते. ती न काढता संगणक ‘फॉरमॅट’ केला, तर वेग परत येतो. पत्रव्यवहार परत येत नाही. नॅकच्या पुनर्मूल्यांकनाच्या वेळी किंवा प्राध्यापकांच्या पदोन्नती प्रकरणात पाच वर्षांपूर्वीचे एखादे पत्र हवे असते, तेव्हाच ही हानी लक्षात येते. म्हणून यंत्र दुरुस्तीस पाठविताना टपालाची प्रत घेतल्याची खात्री विभागप्रमुखांनी स्वतः करावी. तंत्रज्ञास मोठी फाईल म्हणजे केवळ अडगळ वाटू शकते. विस्तारनाम नसलेल्या टपालाच्या फाईली तर जागा मोकळी करण्याच्या भरात सहज पुसल्या जातात.

दुसरे, जुन्या आवृत्तीकडे घाईने परतू नये. थंडरबर्ड ६८ पासून नव्या आवृत्तीने वापरलेले प्रोफाईल जुनी आवृत्ती सहसा उघडत नाही. अद्ययावतीकरण कायमचे टाळणेही योग्य नाही, कारण जुन्या आवृत्त्यांतील सुरक्षेच्या त्रुटी दुरुस्त होत नाहीत. विंडोज १० साठीचे सर्वसाधारण साहाय्यही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आहे. प्रश्न अद्ययावत करावे की नाही हा नसून ते केव्हा व कोणत्या तयारीने करावे हा आहे. परीक्षा, प्रवेश व अहवाल सादर करण्याचे दिवस टाळून, प्रत घेऊन व कॉम्पॅक्ट करून, सुटीच्या आदल्या दिवशी ते करणे सर्वांत सोयीचे ठरते.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसून येते की, अद्ययावतीकरणानंतरची मंदगती मुख्यतः टपालाचा वाढलेला साठा, त्याचे नव्याने होणारे सूचीकरण व यंत्राची मर्यादित क्षमता या तीन घटकांच्या एकत्र येण्यातून निर्माण होते. यांपैकी पहिला घटक पूर्णपणे आपल्या हाती आहे. महाविद्यालयांनी कागदी अभिलेखांसाठी जतन व निर्लेखनाची जी शिस्त पाळली, तीच ई-मेलला लावणे आवश्यक आहे. दरवर्षी शैक्षणिक वर्ष संपताना प्रत्येक विभागाने टपालाची प्रत घेणे, वर्षवार फोल्डर करणे व अनावश्यक पत्रे काढणे, एवढी तीन कामे नियमाने केली तरी पुढील अद्ययावतीकरण कार्यालयाच्या कामात व्यत्यय आणणार नाही. वेग कमी झालेला संगणक काही काळ सहन करता येतो. संस्थेचा पत्रव्यवहार मात्र एकदा गेला की पुन्हा उभा करता येत नाही. उपाय निवडताना हा क्रम ध्यानी ठेवावा.