हळद, मिरची, तिळाच्या अहवालात इथिलीन ऑक्साइड आले, तर चूक कुठे शोधावी?

निर्यातीसाठी दिलेला माल 'ईटीओ पॉझिटिव्ह' म्हणून परत आला, की शेतकरी उत्पादक कंपनीतला पहिला प्रश्न ठरलेला असतो: "आम्ही तर असले काही फवारलेच नाही, मग हे आले कुठून?" बहुतेक वेळा ते खरेच असते. इथिलीन ऑक्साइड हे फवारणीचे औषध नाही. तो निर्जंतुकीकरणाचा वायू आहे आणि माल शेतातून गेल्यावर तो मालाला लागतो. त्यामुळे शोध फवारणीच्या नोंदवहीत न घेता गोदाम, सफाई केंद्र आणि पॅकिंग या साखळीत घ्यावा लागतो.

आधी एक गैरसमज. केळी व आंबा पिकवण्यासाठी रायपनिंग चेंबरमध्ये वापरतात तो इथिलीन वायू वेगळा. त्याला १०० पीपीएमपर्यंत परवानगी आहे. इथिलीन ऑक्साइड हा त्याच्यापासून बनणारा पण गुणधर्माने अगदी निराळा वायू आहे. सिरिंज, कॅथेटर, शस्त्रक्रियेचे साहित्य निर्जंतुक करण्यासाठी तो कारखान्यात वापरतात. भारतात अन्नपदार्थांवर त्याच्या वापरास परवानगी नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने तो माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवला आहे. हवेत ३ टक्क्यांवर गेला तर तो पेट घेतो, आणि नाकाला वास येईपर्यंत त्याचे प्रमाण धोक्याच्या पलीकडे गेलेले असते. मोकळ्या शेडमध्ये ताडपत्रीखाली "गॅस मारून देतो" असे कोणी म्हणाले, तर माल आणि माणसे दोन्ही बाजूला घ्यावीत.

हा विषय पेटला तो सप्टेंबर २०२० मध्ये. भारतातून गेलेल्या तिळात बेल्जियमला हे अवशेष सापडले आणि युरोपभर ब्रेड, बिस्किटे परत बोलावली गेली. ऑक्टोबर २०२० पासून भारतीय तिळाच्या निम्म्या खेपांची तपासणी सुरू झाली. पुढे मसालेही यादीत आले. एप्रिल २०२४ मध्ये हाँगकाँग व सिंगापूरने भारतीय तयार मसाल्यांवर कारवाई केली, त्यानंतर मसाला मंडळाने या दोन ठिकाणच्या खेपांची तपासणी सक्तीची केली. मुंबईत निर्यातदाराचे ऑफिस अंधेरी किंवा मुलुंडला असते, माल मात्र वाशी, भिवंडीच्या गोदामांतून न्हावाशेवाला जातो. मधल्या टप्प्यांत काय झाले हे सांगली किंवा हिंगोलीच्या शेतकऱ्याला कळत नाही, आणि नकाराचा भुर्दंड मात्र दर पाडून त्याच्यावरच येतो.

अहवाल वाचताना दोन आकडे पाहावेत. इथिलीन ऑक्साइड सुमारे ११ अंश सेल्सिअसलाच उकळते, म्हणून काही दिवसांत बरेचसे उडून जाते. पण मालातल्या क्लोराइडशी त्याचा संयोग होऊन २-क्लोरोइथेनॉल तयार होते. ते सुमारे १२८ अंशांना उकळते, म्हणजे मालात तसेच टिकते. मीठ घातलेल्या तयार मसाल्यात ते जास्त बनण्याची शक्यता असते. युरोपीय नियमात दोन्हींची बेरीज धरतात. २-क्लोरोइथेनॉलचा आकडा ०.५५ ने गुणून त्यात मिळवतात. मसाल्यांची मर्यादा किलोमागे ०.१ मिलिग्रॅम, तिळाची ०.०५ मिलिग्रॅम. समजा हळदीच्या अहवालात इथिलीन ऑक्साइड 'आढळले नाही' आणि २-क्लोरोइथेनॉल ०.२० आहे. ०.२० गुणिले ०.५५ म्हणजे ०.११, म्हणजे माल नापास. "ईटीओ निल आहे" एवढे ऐकून व्यापाऱ्यावर विसंबू नये. माल उन्हात पसरून किंवा पंख्याखाली ठेवूनही हा दोष जात नाही.

आता चूक शोधण्याकडे. प्रत्येक लॉटचा किमान अर्धा किलो नमुना हवाबंद पाकिटात, तारीख व गोणी क्रमांक लिहून, विक्रीपूर्वीच राखून ठेवावा. वाद झाल्यावर हाच नमुना उपयोगी पडतो. राखीव नमुना स्वच्छ आणि निर्यातदाराचा नमुना दूषित असेल, तर दोष तुमच्यानंतरच्या टप्प्यात आहे. सगळ्या गोण्यांत आकडा मोठा व जवळपास सारखा असेल, तर संपूर्ण लॉटवर मुद्दाम प्रक्रिया झाल्याची शंका घ्यावी. काही गोण्यांत अगदी मर्यादेच्या आसपास आणि बाकीच्यांत काहीच नाही, असे असेल तर संसर्गाकडे बघावे: प्रक्रिया केलेल्या मालाचे जुने बारदान, तीच चाळणी, तीच दळण यंत्रे, शेजारची थप्पी. अख्खी मिरची स्वच्छ आणि पूड दूषित असेल, तर गिरणी किंवा मिसळलेला दुसरा घटक तपासावा. तयार मसाल्यात कांदा, लसूण पूड, हिंगातले मिश्रण असे बाहेरून आलेले घटक असतात. प्रत्येकाचा वेगळा अहवाल मागावा. बोरिवली, घाटकोपरचे मसाला करणारे बचत गट इथेच फसतात, कारण त्यांच्याकडे घटकांची बिले असतात, अहवाल नसतात.

प्रयोगशाळेचीही चूक होऊ शकते. काही पदार्थांत नैसर्गिकरीत्या असणारे अॅसिटाल्डिहाइड आणि इथिलीन ऑक्साइड यांचे रेणूभार सारखे असल्याने यंत्रावर गोंधळ होतो. फक्त इथिलीन ऑक्साइड दिसते आणि २-क्लोरोइथेनॉल अजिबात नाही, असा अहवाल आला, तर एनएबीएल मान्यताप्राप्त दुसऱ्या प्रयोगशाळेतून खात्री करून घ्यावी.

पण हा वायू वापरावासा का वाटतो? कारण माल जिवाणूंच्या तपासणीत, विशेषतः साल्मोनेलाच्या चाचणीत, नापास होतो. याची सुरुवात मात्र आपल्या खळ्यावर होते, हे मान्य करावे लागेल. हळद शिजवताना बरेच जिवाणू मरतात. बिघडते ते पुढच्या दोन आठवड्यांच्या वाळवणीत. शेणाने सारवलेले खळे, कोंबड्या, कबुतरे, उंदीर, रात्रीचे दव. तिळाच्या पेंढ्याही जमिनीवर झटकतात. स्वच्छ ताडपत्री किंवा सिमेंटचा ओटा, वरून जाळी, संध्याकाळी झाकण, आणि हळदीत १० टक्क्यांच्या आत ओलावा आल्यावरच नव्या गोणीत भरणे, एवढ्याने जिवाणूंची संख्या बरीच खाली येते.

तरीही ग्राहकाला निर्जंतुक माल हवा असेल, तर दोन रस्ते आहेत. वाफेची प्रक्रिया अख्ख्या मालावर चांगली बसते. पुडीचा रंग व उडणारे तेल कमी होते, म्हणून आधी वाफ, मग दळण. दुसरा रस्ता किरणोत्सर्गाचा. ट्रॉम्बेच्या आयसोमेड केंद्रात १९७४ पासून वैद्यकीय साहित्य गॅमा किरणांनी निर्जंतुक होते आणि मसाल्यांसाठीचे केंद्र वाशीला २००० साली सुरू झाले. मसाल्यांसाठी भारतात ६ ते १४ किलोग्रे मात्रा मान्य आहे. युरोपला पाठवायचे असल्यास तिथली मर्यादा सरासरी १० किलोग्रे आहे, केंद्राला युरोपीय संघाची मान्यता लागते, आणि वेष्टनावर तसा उल्लेख करावा लागतो. काही खरेदीदारांना हा उल्लेख नको असतो, म्हणून आधी लेखी विचारावे.

करारनाम्यात "माल ईटीओमुक्त आहे" अशी हमी शेतकरी कंपनीने सही करून देऊ नये. "आमच्या ताब्यात असताना ईटीओ प्रक्रिया केलेली नाही, राखीव नमुना उपलब्ध आहे" एवढेच लिहून द्यावे आणि माल उचलण्याच्या दिवशी दोघांच्या सहीचा नमुना सीलबंद करावा.