लेखांक ६ : खंयची रे होडी?

मालवणच्या बंदरात अनोळखी होडी शिरली की रापणीवरचा म्हातारा हातातलं जाळं न सोडता विचारतो, "खंयची रे होडी?" २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईतल्या कफ परेडच्या मच्छीमार वस्तीतही लोकांनी हटकलं होतं. रबरी होडीतून उतरलेल्या, पाठीवर जड पिशव्या घेतलेल्या पोरांनी विचारणाऱ्यांना उडवून लावलं. पुढच्या तीन दिवसांत १६६ माणसं गेली.

ती पोरं कुठून आली, ते समजायला मागे जाऊ. गेल्या आठवड्यात आपण पेशावरला थांबलो होतो. १९७९ च्या डिसेंबरात सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात उतरल्या, अमेरिकेचा नि सौदीचा पैसा पाकिस्तानच्या आयएसआयच्या हातून मुजाहिदीनांकडे गेला, आणि १९८४ मध्ये अब्दुल्ला अझ्झामने अरब स्वयंसेवकांसाठी तिथे कचेरी थाटली. यामागचा विचार जुना. इस्लामी विचारवंत मौदुदींनी (जन्म आपल्या औरंगाबादचा, १९०३) काही बॉम्ब ठेवायला सांगितले नव्हते. पण 'राज्य फक्त अल्लाचं' हा त्यांचा सिद्धांत इजिप्तच्या सय्यद कुत्बने उचलला, त्याला धार लावली, आणि १९६६ मध्ये कुत्ब फासावर गेला तरी ती धार राहिली. पेशावरात त्या विचाराला बंदूक मिळाली. १९८९ ला रशियन परतले, बंदुका मागे उरल्या. त्यातल्या कित्येक काश्मीरकडे वळल्या. हाफिज सईदची लष्कर-ए-तय्यबा याच उरलेल्या दारूगोळ्यावर पोसली.

१९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांचं काय, असं वाचक विचारतात. ते मी या वंशावळीत सरळ बसवत नाही. फेब्रुवारीत श्रीवर्धनजवळ शेखाडीला आरडीएक्स उतरलं ते सोन्या-चांदीच्या तस्करीच्या जुन्या वाटेने, लाच खाऊन डोळे मिटणाऱ्या कस्टमवाल्यांच्या नाकासमोरून. बाबरी आणि दंगलींचा सूड होता, सीमेपलीकडची मदतही होती. १२ मार्चला २५७ माणसं मेली. पण दाऊद इब्राहिमच्या टोळीला खिलाफत नको होती, धंदा हवा होता. लष्कर-ए-तय्यबाचे २००८ चे दहा जण मात्र मरायलाच आले होते. दोन्ही वेळा माल समुद्रातून आला, एवढंच साम्य, आणि ते आपल्याला पंधरा वर्षांत उमगलं नाही.

'कुबेर' ही पोरबंदरची मासेमारी होडी त्या दहा जणांनी भर समुद्रात ताब्यात घेतली. चार खलाशांना आधीच मारलं. तांडेल अमरसिंह सोळंकींकडून मुंबईपर्यंत होडी हाकवून घेतली आणि किनारा दिसू लागल्यावर त्यांनाही संपवलं. मागे राहिलेल्या सामानात पाकिस्तानी छापाची टूथपेस्ट, दाढीचं क्रीम, धुण्याची पावडर. मरायला निघालेली माणसं वाटेत दाढीचा विचार करत होती, हे मला अजून पचत नाही.

दहांपैकी ठार झालेल्या नऊ अतिरेक्यांना जागा द्यायला मरीन लाइन्सच्या बडा कब्रस्तानने नकार दिला. प्रेतं वर्षभर शवागारात पडून राहिली, मग जानेवारी २०१० मध्ये सरकारने ती गुपचूप पुरली. इस्लाम आणि इस्लामवाद यांतला फरक मी चार लेखांकांत मांडत आलो, तो मुंबईच्या मुसलमानांनी त्या एका नकारात मांडला होता.

आपल्याकडे मग सागरी पोलीस ठाणी आली, बायोमेट्रिक कार्ड आलं. मुसलमान दालदी असो की हिंदू गाबीत, प्रत्येक खलाशाच्या प्लास्टिकच्या पिशवीत ते असायला हवं. 'सागरी सुरक्षा कवच' सरावात खोटे अतिरेकी बनलेले पोलीस होडीने किनाऱ्याला लागायचा प्रयत्न करतात. बंदोबस्तावरचे पोलीस कार्ड नसलेल्या तांडेलाला अडवतात. परराज्यातले हायस्पीड ट्रॉलर मात्र रात्री बारा सागरी मैलांच्या आत येऊन मासळी खरवडून जातात, त्यांना "खंयची रे होडी?" विचारायला गस्तीची बोट हवी तेव्हा कुठे असते, ते मालवणच्या दांडीवरच्या मच्छीमारांना विचारा.

पुढच्या आठवड्यात: अल-कायदा आणि आयसिस, एकाच मुळाची भांडखोर पोरं.