तंबाखू लागते तेव्हा

लेखमाला : निबंध वाचताना, भाग ६

दूधगंगेचा पूल ओलांडून कोगनोळीत शिरलं की तिथून निपाणीपर्यंतच्या पट्ट्यात ‘तंबाखू लागली’ हे शब्द दोन अर्थांनी कानावर येतात. नव्याने मळून खाणाऱ्याला ती लागते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण इथं ती अशा बाईलाही लागते, जिनं आयुष्यात चिमूटभर तंबाखू तोंडात धरलेली नाही. सकाळच्या दवात शेंडे खुडायला, फुटवे काढायला रानात उतरायचं. तासाभरात बाह्या आणि पदर ओले होतात, बोटांवर पानांचा चीक बसून काळा पडतो, आणि दुपार व्हायच्या आत डोकं गरगरतं, मळमळतं, उलटी होते. घरातले म्हणतात पित्त झालं, ऊन लागलं, उपाशीपोटी गेली असशील. रात्र सरते, बरं वाटतं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच रान. ऊस वाढला तशी या भागातली तंबाखू कमी झाली, पण हा त्रास मी लहानपणापासून ऐकत आलो आहे आणि तो अजून संपलेला नाही.

याबद्दल विज्ञानानं काही लिहून ठेवलंय का? हाच प्रश्न घेऊन आज आपण सायटेशन डेटाबेससमोर बसू. सायटेशन म्हणजे दाखला. एका निबंधानं दुसऱ्या निबंधाचा दिलेला दाखला. आणि असे कोट्यवधी दाखले कुणी कुणाला दिले याची नोंदवही म्हणजे हा डेटाबेस.

मागच्या भागात आपण शब्द टाकून शोधायला शिकलो. तसंच करून पाहा : टोबॅको, शेतमजूर, उलटी, चक्कर. समोर महापूर येतो. सिगारेट, कर्करोग, गरोदरपण, सगळं काही येतं, दवात भिजलेली बाई त्या गर्दीत हरवू शकते. कारण विज्ञानानं या त्रासाला दिलेलं नाव आपल्याला माहीत नाही. ते नाव आहे ‘ग्रीन टोबॅको सिकनेस’. हिरव्या पानातलं निकोटिन पाण्यात विरघळतं आणि दव, पाऊस किंवा घाम यांच्या ओलीबरोबर कातडीतून अंगात शिरतं, ही त्यामागची गोष्ट. या नावानं शोधलं की १९७४ सालचा, स्टीफन गेल्बाक आणि सहकाऱ्यांचा नॉर्थ कॅरोलायनातला निबंध हाती येतो. तो अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापला गेला.

पण त्याच्या चार वर्षं आधी, १९७० साली, फ्लोरिडातल्या दोन डॉक्टरांनी हाच त्रास दोनेक पानांत नोंदवला होता. त्यांनी त्याला म्हटलं ‘टोबॅको क्रॉपर्स सिकनेस’. आणि अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेतल्या संशोधकांनी १९८७ साली लिहिताना शब्द वापरला ‘ग्रीन सिम्प्टम्स’. एकच दुखणं, तीन नावं. आपलं ‘तंबाखू लागणं’ धरलं तर चार. नुसत्या शब्दाच्या भरवशावर शोधणाऱ्याच्या हाती यातलं एखादंच नाव लागतं, बाकीची निसटतात.

नेमकी हीच अडचण अमेरिकन माहितीशास्त्रज्ञ युजीन गारफिल्ड यांना १९५५ साली दिसली होती. विषयवार सूची बनवणारा माणूस जे शब्द निवडेल तेच शोधणाऱ्याला सापडणार, आणि शब्द तर बदलत राहतात. गारफिल्डनी तोडगा उचलला तो वकिलांकडून. अमेरिकेत १८७३ पासून ‘शेपर्ड्स’ नावाच्या सूचीत एखाद्या निकालाचा दाखला पुढच्या कोणत्या खटल्यांत दिला गेला, तो उचलून धरला की फिरवला, हे लिहून ठेवलेलं असे. तीच रीत विज्ञानाला लावून त्यांनी १९६४ साली ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ काढला. आजचं ‘वेब ऑफ सायन्स’ त्याचाच वारस. ‘स्कोपस’ आणि ‘गूगल स्कॉलर’ हे असेच दोन डेटाबेस, दोन्ही २००४ सालचे.

आपल्याकडच्या वाचकाला ही रीत समजायला हेळवी पुरेसा आहे. हेळवी बैलावरून गावात येतो, दाराशी बसतो आणि घराण्याची वंशावळ सांगतो : पणजोबाचा बाप कोण, मूळ गाव कोणतं, कुणाला किती मुलगे, त्यातला कोण कुठे जाऊन राहिला. आडनाव बदललं, गाव बदललं, तरी वहीतला धागा तुटत नाही. निबंधाच्या शेवटची संदर्भसूची म्हणजे त्या निबंधाचे पूर्वज, आणि ती कागदावर नेहमीच होती. गारफिल्डनी जोडले ते वंशज. एखादा निबंध छापून झाल्यावर पुढं कुणी त्याचा हात धरला, हे त्या निबंधात कधीच लिहिलेलं नसतं, कारण तो छापला तेव्हा ते निबंध जन्मलेलेच नसतात.

तर १९७४ च्या निबंधाखाली ‘सायटेड बाय’ असा दुवा असतो, त्यावर टिचकी मारा आणि वंशजांकडे चला. नंतरचे निबंध चाळत, त्यांच्या संदर्भसूचींतून मागे आणि ‘सायटेड बाय’मधून पुढे असं जात राहिलं की एक वाट तयार होते. १९७५ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात गेल्बाक यांचाच पुढचा निबंध, कापणी करणाऱ्यांच्या अंगात निकोटिन शिरतं हे दाखवणारा. १९९२ साली केंटकीत दवाखान्यात आणाव्या लागलेल्या कामगारांची नोंद. १९९८ साली ‘टोबॅको कंट्रोल’मधला आढावा. २००१ च्या सुमारास थॉमस आर्करी आणि सारा क्वांट यांचं, स्थलांतरित मजुरांमध्ये केलेलं काम. १९७० चा फ्लोरिडातला निबंधही याच वाटेवर भेटतो, कारण पहिली नोंद म्हणून त्याचा दाखला दिला जातो. आणि मग आपल्या सर्वांत जवळचे : अहमदाबादच्या संस्थेचे. १९७९ सालची भारतीय तंबाखू कामगारांची प्राथमिक पाहणी, १९८७ साली संरक्षक साधनं वापरून त्रास कमी होतो का याची चाचणी, आणि २००५ साली ‘अमेरिकन जर्नल ऑफ इंडस्ट्रियल मेडिसिन’मध्ये पारीख आणि सहकाऱ्यांचा निबंध. ही यादी पहिल्यांदा समोर उभी राहिली तेव्हा मी बराच वेळ नुसता बघत बसलो. ज्याला आमच्या घरात पित्त म्हणत होते, त्यावर आपल्याच देशात इतकी वर्षं काम झालं होतं.

आता सापडलेल्या निबंधांचं मूल्यमापन. प्रत्येक निबंधाखाली दाखल्यांचा आकडा असतो आणि नवा वाचक आधी त्यावरच जातो. एकाच निबंधाला गूगल स्कॉलर एक आकडा दाखवतं, स्कोपस त्याहून कमी, वेब ऑफ सायन्स आणखी वेगळा. गूगल स्कॉलर प्रबंध, अहवाल, परिषदेतलं टिपण असं सगळं मोजतं. बाकीचे दोघे निवडून घेतलेली प्रकाशनंच मोजतात. म्हणून आकड्यासोबत डेटाबेसचं नाव आणि पाहिल्याची तारीख लिहून ठेवायची सवय लावा.

आकडे ताडायचे तर एकाच विषयातले, साधारण एकाच वयाचे निबंध घ्या. शेतमजुरांच्या आजारावर काम करणारे लोक जगात थोडे, म्हणून दाखलेही थोडे. कर्करोगावरच्या गाजलेल्या निबंधाला जेवढे दाखले मिळतात तेवढे या विषयातल्या उत्तम निबंधाला मिळणं अवघड. आकडा लहान दिसला म्हणून काम लहान समजू नका. माझ्या मते या डेटाबेसचा सर्वांत मोठा गैरवापर इथंच होतो, आणि तो गरिबांच्या दुखण्यांना सर्वांत जास्त भोवतो.

शिवाय दाखला म्हणजे शाबासकी नव्हे. लस आणि स्वमग्नता यांचा संबंध जोडणारा वेकफील्ड यांचा १९९८ चा निबंध ‘लॅन्सेट’नं २०१० साली मागे घेतला. त्याचे दाखले भरपूर आहेत, पण बहुतेक दाखले त्याला खोडून काढणारे. म्हणून पाच वंशज उघडा, त्यांत आपल्या निबंधाचं नाव जिथं येतं ते वाक्य शोधा आणि वाचा. त्याच्या आधारावर पुढं काम केलंय, की नुसतं प्रस्तावनेत नाव घेतलंय, की वाद घातलाय? तासाभराचं काम आहे, पण आकड्यातून जे कळत नाही ते यातून कळतं. निबंध मागे घेतल्याची सूचना आहे का, हेही तेव्हाच पाहून घ्या.

आणि निबंध कुठं छापलाय ते पाहा. पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातले भूषण पटवर्धन, शुभदा नगरकर, श्रीधर गद्रे आणि इतरांनी २०१८ साली ‘करंट सायन्स’मध्ये एक तपासणी छापली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्य यादीत विद्यापीठांच्या शिफारशीनं आलेल्या नियतकालिकांचा नमुना त्यांनी घेतला. त्यातली ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट ठरण्याजोगी निघाली. काहींचे पत्ते नव्हते, संपादकांची नावं नव्हती, काहींनी इम्पॅक्ट फॅक्टरचे खोटे दावे केले होते. त्याच वर्षी आयोगानं ४,३०५ नियतकालिकं यादीतून काढली. म्हणजे ‘मान्यताप्राप्त’ हा शिक्का पुरेसा नव्हता. संपादक कोण, ते खरंच त्या संस्थेत आहेत का, हे आपणच पाहायचं.

आपल्या भागासाठी एक खास सूचना. गावांची नावं इंग्रजीत एकाच तऱ्हेनं लिहिली जात नाहीत. निपाणी कधी एका पी-नं, कधी दोन पी-नं. बेळगावचं इंग्रजी स्पेलिंग १ नोव्हेंबर २०१४ पासून अधिकृतपणे बदललं, त्यामुळं जुने निबंध एका नावाखाली आणि नवे दुसऱ्या. कोगनोळीचंही तसंच. सगळी रूपं टाकून शोधा. स्कोपस आणि वेब ऑफ सायन्सला वर्गणी लागते. ती तुमच्या कॉलेजकडे नसेल तर गूगल स्कॉलर, पबमेड आणि २०२२ मध्ये सुरू झालेलं ‘ओपनअॅलेक्स’ मोफत आहेत. आजचा सगळा माग मी या तिघांवरच काढला.

ज्यांच्या घरातलं कुणी तंबाखूच्या रानात जातं त्यांनी निबंधाची वाट पाहू नये. चक्कर, उलटी झाली तर डॉक्टरांना ‘पित्त’ सांगण्याऐवजी सकाळी ओल्या पानात किती वेळ काम केलं ते सांगा, आणि ओले कपडे लगेच बदलून अंग धुवा.

पुढच्या आठवड्यात पारीख यांचा २००५ चा निबंध उघडू आणि त्यातला पहिला तक्ता ओळीओळीनं वाचू.