वाडीपासून धारावीपर्यंत : कोविडकाळातली पहिली फळी

● गाव-वाडी : साधारण १,००० लोकांमागे एक आशाताई. सप्टेंबर २०२० पासून ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत पथकांनी दारोदारी ताप आणि ऑक्सिजन तपासला. ऑक्सिमीटर बोटाला लावून आकडा वहीत टिपला.

● उपकेंद्र : ५,००० लोकसंख्येसाठी, डोंगरी-आदिवासी भागात ३,०००.

● प्राथमिक आरोग्य केंद्र : निकषानुसार ३०,००० लोकसंख्येसाठी, डोंगरी-आदिवासी भागात २०,०००. संशयितांची तपासणी, गंभीर रुग्ण पुढे पाठवणं आणि २०२१ मध्ये लसीकरण.

● धारावी : १ एप्रिल २०२० रोजी पहिला रुग्ण सापडला. दाटीच्या घरांत विलगीकरण अशक्य. म्हणून शाळा, क्रीडा संकुलात सोय झाली आणि सार्वजनिक शौचालयांचं वारंवार निर्जंतुकीकरण झालं.

पुढची साथ येण्याआधी या फळीतली रिक्त पदं भरायलाच हवीत.