पोपट का चावतो, आणि त्याला खाऊ काय घालावे

व्याख्यानमालेच्या पत्रिकेत आमच्या नावासमोर हा विषय छापलेला पाहून आमच्या काही सहकाऱ्यांना हसू आले. ज्या माणसाने तीस वर्षे वेतनकरार, बोनस आणि ग्रॅच्युइटी यांवर भाषणे केली, त्याने पोपटांवर काय बोलावे, असा त्यांचा प्रश्न होता. त्याचे उत्तर एका पट्टी बांधलेल्या बोटात आहे.

गेल्या पावसाळ्यात आमच्या युनियनच्या कचेरीत एक सुरक्षारक्षक कामगार आला. बोटाला पट्टी पाहून आम्ही विचारले, "कामावर लागले काय?" तो म्हणाला, "नाही दादा, पोरीचा पक्षी चावला. आता नको तो घरात. उद्या दुकानदाराला परत करतो." पक्षी म्हणजे कॉकटील, डोक्यावर तुरा असलेला लहानसा पोपट. तो परत जाणार हे ऐकून मुलगी दोन दिवस धड जेवली नव्हती. आम्ही म्हटले, "आठ दिवस थांब. आधी पाखराचे म्हणणे काय आहे ते ऐकू."

आम्ही पशुवैद्य नव्हे. आमचे शिक्षण म्हणजे दहावी आणि त्यापुढे सार्वजनिक वाचनालय. परंतु या विषयाचे एक जुने ऋण आमच्यावर आहे, ते आधी सांगितले पाहिजे.

१९८२ च्या जानेवारीत मुंबईच्या कापडगिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा आम्ही अकरा-बारा वर्षांचे होतो. वडील साचाखात्यात होते. चाळीच्या गॅलरीत आमच्या खोलीबाहेर तारेच्या पिंजऱ्यात एक देशी पोपट टांगलेला असे. चहात बुडवलेला पाव, भिजवलेली हरभऱ्याची डाळ आणि हिरवी मिरची हे त्याचे जेवण. संप लांबला तशी डाळ गेली, पाव राहिला. एके दिवशी तो आमच्या बोटाला कडकडून चावला. आम्ही फूटपट्टीने त्याच्या चोचीवर मारले. तो पुन्हा चावला, आम्ही पुन्हा मारले. पुढे त्याचे नावच 'चावरा' पडले, पिंजऱ्यात कोणी हात घालीना, आणि त्या पावसाळ्यात एका सकाळी तो पिंजऱ्याच्या तळाशी मेलेला आढळला. आई म्हणे, संपाने मेला. घरात कमी होते हे खरे. पण मेथीची काडी, मूठभर मोड आलेले मूग, रात्रीचा अंधार आणि दुपारची घटकाभर सोबत यांना फारसा पैसा लागत नव्हता. लागत होती माहिती, आणि ती आमच्याकडे नव्हती.

पुढे जाण्यापूर्वी एक खुलासा. आपला हिरवा, लाल चोचीचा देशी पोपट पकडणे, विकणे आणि पाळणे हा आज १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. रस्त्यावर कोणी पिल्लू विकत असेल तर दया म्हणूनही ते घेऊ नये. एक पिल्लू विकले गेले की ढोलीतून दुसरे काढले जाते. ज्यांच्या घरी असा पोपट आधीपासून आहे, त्यांनी त्याला खिडकीतून सोडून देऊ नये. पंख कापलेला, माणसात वाढलेला पोपट कावळ्या-मांजरांच्या तोंडी जातो. वनविभागाला कळवावे, हाच मार्ग. आमचे पुढील विवेचन आहे ते पिंजऱ्यातच पैदास झालेल्या परदेशी जातींविषयी. आपल्याकडे ज्याला सर्रास 'लव्हबर्ड' म्हणतात तो बहुधा ऑस्ट्रेलियाचा बजरीगर असतो, कॉकटीलही तिकडलाच, आणि खरा लव्हबर्ड आफ्रिकेचा. आफ्रिकेच्या करड्या पोपटासारख्या जातींची मात्र सरकारदरबारी नोंद करावी लागते. घेण्यापूर्वी याची चौकशी करावी.

आता चोचीचा विचार करू. पोपटाच्या पायाला दोन बोटे पुढे व दोन मागे असतात, त्यामुळे तो घट्ट पकड घेतो. परंतु त्याचा खरा हात म्हणजे चोच. चढताना तो चोचीने आधार घेतो, आणि नव्या फांदीवर पाय ठेवण्यापूर्वी ती चोचीने चाचपून पाहतो. आपण बोट पुढे करतो, तो ते चाचपतो, आपण घाबरून बोट मागे घेतो. फांदी हलली असे समजून तो पकड आवळतो, आणि आपण ओरडतो, "चावला!" निम्म्या तक्रारी येथेच निकालात निघतील. अशा वेळी बोट स्थिर ठेवावे. धीर होत नसेल तर बोटाऐवजी लाकडी काठी पुढे करावी.

राहिला खरा चावा. कामगार पहिल्याच दिवशी संपावर जात नाही. आधी तोंडी सांगतो, मग अर्ज करतो, मग नोटीस देतो. त्याकडे कोणी पाहिले नाही म्हणजे मग काम थांबते, आणि वर्तमानपत्रात बातमी येते ती तेवढ्याचीच. पोपटाचाही चावा हा शेवटचा कागद असतो. त्याआधीच्या नोटिसा आपण वाचलेल्या नसतात. तो मान वळवतो, एक पाऊल मागे सरतो, अंग आवळून ताठ होतो. कॉकटील तुरा मागे चपटा करून फुसकारतो. मोठ्या पोपटाच्या डोळ्यांच्या बाहुल्या भराभर लहानमोठ्या होतात, मानेवरची पिसे उभी राहतात, शेपटी पंख्यासारखी पसरते. यांपैकी काही दिसले की हात थांबवावा आणि मागे घ्यावा. यात मालकाचा कमीपणा नाही. नोटीस वाचली जाते हे पक्ष्याला कळले की त्याला चावण्याचे कारण उरत नाही.

याच्या उलट केले की काय होते ते पाहा. खुणांनी ऐकले नाही, चावल्यावर मात्र हात झटकन गेला. म्हणजे चावा उपयोगी पडतो हे आपणच त्याला शिकवले. आरडाओरडा केला तर एकट्या, कंटाळलेल्या पक्ष्याला ती करमणूक वाटते. मारले, चोचीवर टिचकी दिली, तर हात म्हणजे संकट हे त्याच्या मनात पक्के बसते. यास्तव चावल्यास ओरडू नये, पक्ष्याला झटकू नये. शांतपणे त्याला जवळच्या दांडीवर उतरवावे आणि घटकाभर दूर व्हावे. जखम साबणाने स्वच्छ धुवावी, खोल असेल तर डॉक्टरला दाखवावी. मग स्वतःला विचारावे, चावण्याच्या आधी काय घडले होते? या प्रश्नाचे उत्तर चार-पाच वेळा वहीत लिहिले की कारण बहुधा आपोआप पुढे येते.

कारणे फार नसतात. पिंजरा हे त्याचे घर आहे. त्यात हात घालणे त्याला घुसखोरी वाटते, म्हणून दार उघडून त्याला काठीवर बाहेर येऊ द्यावे. झोप हे दुसरे कारण. पोपटाला रोज दहा ते बारा तास अंधार आणि शांतता लागते. एका खोलीच्या घरात मध्यरात्रीपर्यंत दिवा व दूरदर्शन चालू असेल तर सकाळी तो चिडलेला असणारच. विणीचा हंगाम हे तिसरे. या काळात शांत पक्षीही आक्रमक होतो. तेव्हा पाठीवरून व पंखांखाली हात फिरवू नये, कारण ते प्रणयाचे आवाहन ठरते. कुरवाळणे डोक्यापुरते ठेवावे आणि खोकी, कोनाडे अशा अंधाऱ्या जागा बंद कराव्यात. चौथे कारण कापलेले पंख. ज्याला उडून दूर जाता येत नाही, त्याच्याजवळ नकार देण्यासाठी चोचच उरते. आणि पाचवे, दुखणे. गरीब पक्षी एकाएकी चावू लागला, पिसे फुगवून बसला, विष्ठेचा रंग बदलला, तर शिकवणी बंद करून पक्ष्यांची माहिती असलेला पशुवैद्य गाठावा. आजार लपवणे हा पक्ष्यांचा स्वभाव आहे. तो दिसू लागतो तेव्हा बराच उशीर झालेला असतो.

दुखण्याचे मूळ पुष्कळदा वाटीत असते, म्हणून आता आहाराकडे वळू. दुकानदार सूर्यफुलाच्या बियांची पिशवी देतो आणि आपण वाटी काठोकाठ भरतो. सोललेल्या सूर्यफुलाच्या बीमध्ये जवळजवळ निम्मे तेल असते. रानातला पोपट दिवसाचा मोठा भाग अन्न शोधण्यात उडत-चढत घालवतो. पिंजऱ्यातला पोपट बसून तेल खातो, आणि मिसळीच्या वाटीतून तेवढेच वेचून बाकीचे फेकतो. नुसत्या बियांत 'अ' जीवनसत्त्व व कॅल्शियम फार थोडे असते. पहिल्याच्या अभावी तोंडाचे व श्वासमार्गाचे अस्तर बिघडते, दुसऱ्याच्या अभावी हाडे ठिसूळ होतात व मादीचे अंडे अडकते. तेलाने यकृत चरबट होते. पोट भरलेले असूनही पाखरू कुपोषित राहते. चहापावावर दिवस काढणाऱ्या माणसांत आम्ही हे पाहिले आहे.

मग द्यावे काय? पोपटांसाठी तयार केलेल्या गोळ्या मिळतात. त्या रोजच्या अन्नाचा मुख्य भाग असाव्यात. त्याच्या जोडीला गाजर, लाल भोपळा, उकडलेले रताळे, मेथी, कोथिंबीर, शेवग्याचा पाला, ढोबळी मिरची आणि मोड आलेले मूग-मटकी द्यावे. फळ थोडे, पेरू, पपई किंवा डाळिंब. सफरचंदाच्या बिया काढाव्यात. बजरीगर व कॉकटील यांना राळे, बाजरी असे बारीक धान्य मापात द्यावे. राजमा-वाटाण्यासारखी कडधान्ये शिजवल्याखेरीज देऊ नयेत. कॅल्शियमसाठी समुद्रफेसाचा तुकडा पिंजऱ्याला अडकवावा. पाणी रोज बदलावे.

हिरव्या मिरचीने पोपट तिखट होतो, किंवा बोलका होतो, अशी समजूत आहे. दोन्ही खरे नव्हे. मिरचीतला जो पदार्थ आपल्याला जाळतो तो पक्ष्यांना जाणवतच नाही. मिरचीचे बी रानोमाळ पसरवण्याचे काम मूळ अमेरिका खंडात पक्षीच करीत. मिरची त्याला भाजीसारखी आहे, खुशाल द्यावी, पण तीच जेवण समजू नये.

जे मुळीच देऊ नये तेही ऐका. अॅव्होकाडो, चॉकलेट, चहा-कॉफी, दारू, कांदा-लसूण आणि खारट फरसाण ही पोपटाला विषासमान आहेत. दुधातली साखर पक्ष्यांना पचत नाही. स्वयंपाकघरात नॉनस्टिक तवा फार तापला तर त्याच्या वाफेने पक्षी काही मिनिटांत मरतो. म्हणून पिंजरा चुलीजवळ कधीही ठेवू नये.

आहारात बदल हळूहळू करावा. नवे अन्न हे अन्न आहे हेच पोपटाला प्रथम कळत नाही, आणि एकदम जुने बंद केले तर तो उपाशी राहतो. काही आठवडे बिया कमी करीत, भाजी वाढवीत जावे, आणि रोज सकाळी वजन करावे. नव्वद ग्रॅमच्या कॉकटीलचे नऊ ग्रॅम उतरले तर बदल थांबवून वैद्याला विचारावे. सूर्यफुलाचे बी मात्र टाकून देऊ नये. ते वाटीतून काढून हातात घ्यावे. पक्षी काठीवर आला की एक बी, शांत राहिला की एक बी. पाच-दहा मिनिटे, दिवसातून दोनदा, एवढे पुरे. थोडे अन्न कागदाच्या पुडीत गुंडाळून द्यावे, म्हणजे फोडण्याचे काम मिळते. रिकामी चोच उपद्रव शोधते.

त्या सुरक्षारक्षकाच्या घरी आम्ही गेलो तेव्हा पिंजरा टीव्हीवर ठेवलेला होता. तो दुसऱ्या पाळीहून अकराला येई, मग जेवण आणि टीव्ही. वाटीत सूर्यफूल काठोकाठ. मुलगी लाडाने पाखराच्या पाठीवरून हात फिरवी. आम्ही काहीही नवीन विकत घ्यायला सांगितले नाही. पिंजरा दुसऱ्या कोपऱ्यात गेला, रात्री आठला त्यावर जुनी साडी पडू लागली, वडिलांनी टीव्हीचा आवाज बंद केला, आणि कोपऱ्यावरच्या किराणावाल्याने रोज सकाळी काटा वापरू दिला. गोळ्यांची पिशवी पुढच्या पगारात आली, तोपर्यंत गाजर आणि मूग. मुलीने वही घातली.

तीन महिन्यांनी तो कचेरीत आला. पक्षी अजिबात चावत नाही असे तो म्हणाला नाही. म्हणाला, "महिन्यात एकदा चावला दादा. पण पोरगी म्हणाली, बाबा, त्याने आधी सांगितले होते, तुम्हीच पाहिले नाही." बोटाला पट्टी नव्हती.

आम्हांला ती फूटपट्टी आठवली. आमच्या चाळीतल्या त्या पोपटानेही सांगितले असणार. तो मागे सरला असेल, मान फिरवली असेल, अंग आवळले असेल. आम्ही ते पाहिले नाही. आपल्या घरात पिंजरा असेल तर आज घरी गेल्यावर दोन गोष्टी पाहाव्यात, वाटीत काय आहे आणि हात जवळ नेताना पाखरू काय करते. बाकीचे सारे त्यातूनच कळत जाईल.