वीस मिनिटे आणि काचेची नळी

भंडारा हा भाताचा जिल्हा. पावसाळ्यात रोवणी सुरू झाली की सर्पदंशाचे रुग्णही रुग्णालयात येऊ लागतात. साप कोणता, हे बहुधा कोणी पाहिलेले नसते. मग घोणशीचे विष भिनले आहे का, हे कसे कळते?

डॉक्टर शिरेतून २ मिलिलिटर रक्त काढतात, नव्या कोरड्या काचेच्या परीक्षानळीत घालतात आणि २० मिनिटे नळी हलवत नाहीत. मग ती तिरपी करून पाहतात. रक्त पातळच राहिले, तर विषाने रक्त गोठवणारी प्रथिने खर्ची पडली आहेत असे समजून प्रतिविष देतात.

नळी काचेचीच का? काचेच्या स्पर्शाने रक्तातील बारावा घटक कार्यान्वित होतो आणि गोठण्याची साखळी सुरू होते. प्लॅस्टिकची किंवा साबणाने धुतलेली नळी आपल्याला फसवू शकते.

रक्त गोठले म्हणजे धोका टळला, असे मात्र नाही. ही चाचणी पुन्हा पुन्हा करावी लागते. शिवाय नाग व मण्यार यांचे विष मज्जासंस्थेवर परिणाम करते. पापण्या जड होणे ही त्याची खूण. म्हणून दंश झालेला हात-पाय न हलवता रुग्णाला थेट रुग्णालयातच न्यावे, हे आपण वर्गात आवर्जून सांगू या.